घर जुन्या कायद्याखाली, माणूस नव्या: गोव्यातलं एक नागरिकत्व प्रकरण (१९६१–१९६९)

गोव्यातल्या एका पाद्रींवर देश सोडण्याचा हुकूम मोडल्याबद्दल भरलेला हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९६९मध्ये तिथे संपला. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे तो युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारासाठी वाचतात. माझं लक्ष त्यात दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. मुक्तीनंतरच्या पहिल्या वर्षात गोव्याची कायद्याची घडी बसवताना दिल्लीने लग्न, वारसा, जमीनजुमला यांना हात लावायची अजिबात घाई केली नाही. माणूस कोणत्या देशाचा, हे मात्र महिन्याभरात ठरवून टाकलं. त्या महिन्यात घेतलेला एक निर्णय पुढे सात वर्षं कोर्टकचेऱ्यांत कसा फिरत राहिला, त्याची ही हकिकत आहे. निकाल छापील आहे आणि कुणालाही वाचता येतो. इथे नावाची गरज नाही, म्हणून त्यांना नुसतं फादर म्हणतो.

पार्श्वभूमी

१९ डिसेंबर १९६१ला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागती पत्करली आणि साडेचारशे वर्षांचा पोर्तुगीज अंमल दोन दिवसांच्या लष्करी कारवाईत संपला. कारभार मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्याकडे, लष्करी गव्हर्नर म्हणून आला. सैन्य आलं, झेंडा बदलला, पण कायदा कुठला? २० डिसेंबरच्या सकाळी म्हापशाच्या बाजारात दोघांची मारामारी झाली असती, तर पोलिसांनी गुन्हा कोणत्या संहितेखाली नोंदवायचा? भारतीय दंडविधान तिथे लागू नव्हतं. पोर्तुगीज संहिता लागू होती, पण ती करणारं राज्य उरलं नव्हतं.

सुरुवातीचे अडीच महिने लष्करी गव्हर्नरच्या हुकमांवर निघाले. मग ५ मार्च १९६२ला राष्ट्रपतींनी प्रशासनाचा अध्यादेश काढला आणि २७ मार्चला त्याच्या जागी संसदेचा ‘गोवा, दमण आणि दीव (प्रशासन) अधिनियम, १९६२’ आला. त्याच दिवशी बारावी घटनादुरुस्तीही झाली. तिने हा प्रदेश केंद्रशासित म्हणून घटनेत घातला, तोही मागच्या तारखेने, म्हणजे २० डिसेंबर १९६१पासून. ही मागची तारीख लक्षात ठेवावी. पुढे सगळा खटला तिच्यावरच फिरतो.

प्रशासन अधिनियम आकाराने अगदी लहान आहे, पण त्याची पाच ते आठ ही चार कलमं म्हणजे राज्यबदलाची पूर्ण यंत्रणा आहे. कलम ५ सांगतं की नेमलेल्या दिवसाआधी, म्हणजे २० डिसेंबर १९६१आधी, जे कायदे लागू होते ते सक्षम विधिमंडळाने किंवा अधिकाऱ्याने बदलेपर्यंत किंवा रद्द करेपर्यंत चालू राहतील. कलम ६ने केंद्राला कुठलाही भारतीय कायदा अधिसूचनेने, लागतील ते फेरफार करून, गोव्यात आणायचा अधिकार दिला. कलम ७मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची अधिकारकक्षा गोव्यापर्यंत वाढवायची सोय होती, आणि कलम ८ अडचणी निवारण्याचं. वकिलाच्या नजरेने पाहिलं तर हे सुबक काम आहे. पोकळी कुठेच राहू दिलेली नाही. जुनं आपोआप चालू, नवं हवं तेव्हा, हवं तेवढं.

कोर्टांचंही तसंच झालं. तालुक्यांची कोमार्क न्यायालयं बसत राहिली. वर अपिलाचं ‘त्रिबुनाल द रेलासांव’, ज्याची परंपरा सोळाव्या शतकापर्यंत मागे जाते, तेही चालू राहिलं. फक्त त्याच्याहून वरचं, लिस्बनचं दार बंद झालं. कागद पोर्तुगीजमध्ये, युक्तिवाद पोर्तुगीजमध्ये, वकील पोर्तुगीज संहितांवर घडलेले. डिसेंबर १९६३मध्ये रेलासांव जाऊन त्याच्या जागी, उच्च न्यायालयाच्या जोडीचं, ज्युडिशियल कमिशनरचं न्यायालय आलं. १९६२चे आणि १९६३चे ‘लॉज रेग्युलेशन’ हे विनियम काढून केंद्राने भारतीय कायद्यांच्या लांबलचक याद्या गोव्याला लावल्या. त्यांतले कायदे टप्प्याटप्प्याने अमलात आले. दिवाणी प्रक्रिया संहिता यायला तर जून १९६६ उजाडला. आणि १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा? त्यातला कुटुंबाचा भाग अजून आहे. वारसा आणि वाटणीच्या भागाच्या जागी गोवा विधानसभेने २०१२मध्ये स्वतःचा कायदा केला, पण साचा तोच: नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता, मुलांचा न डावलता येणारा वाटा. आज समान नागरी कायद्याच्या वादात गोव्याचं नाव निघतं, त्याचं मूळ १९६२च्या त्या कलम ५मध्ये आहे. त्या वेळी समान नागरी कायदा वगैरे कुणाच्या डोक्यात नव्हतं. घाईघाईत लोकांच्या लग्नांना आणि वाटणीपत्रांना धक्का लागू नये, एवढाच व्यवहार होता.

म्हणजे फादरांचं घर, त्यांचा वडिलोपार्जित हिस्सा, त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाची वैधता यांपैकी कशालाही मुक्तीने धक्का लावला नाही.

अडचण

पोर्तुगालच्या लेखी गोवा ही वसाहत नव्हती. १९५१पासून तो सागरापलीकडचा प्रांत होता आणि तिथले रहिवासी पोर्तुगीज नागरिक होते. तेव्हा २० डिसेंबरला गोवा, दमण आणि दीवमधले सहा लाखांहून जास्त लोक कागदोपत्री परदेशी नागरिक होते, तेही स्वतःच्या घरात बसून. हे फार काळ तसं ठेवणं शक्यच नव्हतं. मतदार याद्या करायच्या होत्या, नोकऱ्या द्यायच्या होत्या, पासपोर्ट द्यायचे होते.

प्रशासन अधिनियम झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ मार्च १९६२ला, ‘गोवा, दमण आणि दीव (नागरिकत्व) आदेश’ निघाला. आधार १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ७चा. नवा प्रदेश भारताचा भाग झाला, तर त्यातले कोण भारतीय होतील हे केंद्राने आदेशाने ठरवावं, असं ते कलम आहे. आदेशाने म्हटलं: ज्याचा स्वतःचा, किंवा आईवडिलांपैकी एकाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कुणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१पूर्वी या प्रदेशात झाला असेल, तो त्या दिवसापासून भारतीय नागरिक मानला जाईल. अपवाद एकच. आदेश राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्याच्या आत ज्याने प्रशासकाकडे लेखी निवेदन दिलं की मला आधीचंच नागरिकत्व ठेवायचं आहे, त्याला हे लागू होणार नाही.

बहुतेकांनी काही केलं नाही आणि ते भारतीय झाले. बहुतेकांना तेच हवं होतं. फादर गोव्यातच जन्मलेले, त्यांचे आईवडीलही गोव्यातलेच. एप्रिल सरता सरता त्यांनी निवेदन दिलं: मी पोर्तुगीज राहणार.

का दिलं, यावर तर्क लढवण्यात अर्थ नाही. कुणाला ते राजनिष्ठा वाटेल, कुणाला हट्ट, कुणाला मुक्तीचा अपमान. कायद्याने कारण विचारलंच नव्हतं, पर्याय दिला होता आणि त्यांनी तो वापरला. अडचण सुरू होते ती इथून पुढे. आदेशात पर्याय होता, पण तो घेतल्यावर काय होईल याबद्दल एक ओळही नव्हती. पर्याय घेणाऱ्याने गोव्यात राहायचं की निघून जायचं? राहिला तर किती दिवस, कुठल्या हक्काने? तो जन्मापासून तिथलाच होता. ‘आला’ कधीच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे व्हिसा असायचं कारण नव्हतं आणि परत पाठवायला ‘मूळ ठिकाण’ही नव्हतं.

समोरचे पर्याय

आधी दिल्लीचे पाहू. पहिला: सगळ्यांना सरसकट भारतीय करायचं, विचारायचं नाही. सोपं आणि स्वच्छ, पण पोर्तुगालशी उघड वाद असताना ‘लोकांवर नागरिकत्व लादलं’ हा आरोप आयता हातात दिला गेला असता. दुसरा: ज्याला हवं त्याने अर्ज करावा. म्हणजे सहा लाख अर्ज, आणि शेतावरचा कुळ, खाणीतला मजूर, न लिहिता-वाचता येणारी म्हातारी हे सगळे अर्ज करेपर्यंत परदेशी. हा पर्याय कुणी शहाणा अधिकारी निवडणार नाही. तिसरा म्हणजे जो निवडला तो: आपोआप भारतीय, नको असेल त्याने सांगावं. तिन्हींत हाच बरा होता, यात मला शंका नाही.

प्रश्न मुदतीचा होता. एक महिना. आणि कुठला महिना ते बघा. लष्करी गव्हर्नर अजून कारभारात होता. नागरी प्रशासन, म्हणजे पहिले नायब राज्यपाल टी. शिवशंकर, जूनमध्ये आले. पोर्तुगीज युद्धकैदी अजून गोव्यातल्या छावण्यांत होते, त्यांची रवानगी मे महिन्यात झाली. रेलासांव चालू होतं, पण पुढे कोणतं न्यायालय येणार हे ठरलेलं नव्हतं. अशा वेळी एखाद्याला ‘तू कुठला ते महिन्याभरात लिहून दे’ म्हणणं कायद्यात बसतं. घरातल्या माणसांशी, भावंडांशी, आफ्रिकेत नाही तर मुंबईत असलेल्या नातेवाइकांशी बोलून ठरवायला ते पुरतं का, हा वेगळा सवाल.

इथे पाँडिचेरीशी तुलना करावीच लागते, कारण वर्ष तेच आहे. फ्रान्सने आपल्या वसाहतींचा ताबा १९५४मध्येच सोडला होता. हस्तांतराचा करार १९५६मध्ये सह्या होऊन १६ ऑगस्ट १९६२ला अमलात आला. त्या करारात नागरिकत्वाची कलमं होती आणि तिथल्या फ्रेंच नागरिकांना फ्रेंच राहायचं असेल तर निवेदन द्यायला सहा महिने होते. अनेकांनी फ्रेंच राहणं निवडलं, ते तिथेच राहिले, आणि फ्रान्सच्या निवडणुकांत पाँडिचेरीतून आजही मतदान होतं. फरक उघड आहे: तिथे दोन सरकारं एका टेबलाशी बसली होती. हुकूमशहा सालाझारचं पोर्तुगाल बसायला तयारच नव्हतं. तेव्हा करार न होण्याचा दोष दिल्लीला देता येत नाही. पण सहा महिने द्यायला करार लागत नव्हता. ते एकतर्फी आदेशातही लिहिता आलं असतं.

फादरांपुढे १९६२मध्ये दोनच रस्ते होते, गप्प बसणं किंवा निवेदन देणं. निवेदन दिल्यावरच्या काळात मात्र जास्त होते. भारतीय नागरिकत्वासाठी नंतर अर्ज करता आला असता. रहिवासाचा परवाना घेऊन तो नूतनीकरण करत राहता आलं असतं, वर्षानुवर्षं, पिढीजात घरात पाहुण्यासारखं. पोर्तुगालला जाता आलं असतं. किंवा काहीही न मागता राहायचं आणि सरकार काय करतं ते पाहायचं.

काय घडलं

फादरांनी यांतले दोन रस्ते एकामागून एक धरले, आणि माझ्या मते गडबड तिथे झाली.

निवेदनानंतर त्यांची परदेशी म्हणून नोंदणी झाली. पुढे त्यांनी तात्पुरत्या रहिवासाचा परवाना मागितला आणि तो मिळाला, १३ नोव्हेंबर १९६४पर्यंत. ती तारीख उलटली. त्यांनी मुदतवाढ मागितली नाही. नायब राज्यपालांनी १९४६च्या परदेशी नागरिक कायद्याच्या कलम ३(२)(क) खाली देश सोडण्याचा हुकूम काढला. फादर गेले नाहीत. मग त्याच कायद्याच्या कलम १४खाली खटला भरला गेला.

परवाना मागणं हा या हकिकतीतला सर्वांत महत्त्वाचा क्षण आहे, हुकूम नव्हे. ‘मी माझ्या भूमीत आहे, मला राहायला कुणाची परवानगी लागत नाही’ असं म्हणायचं असेल तर परवाना मागायचा नसतो. आणि ‘मी परदेशी आहे, पण मला इथे राहू द्या’ असं म्हणायचं असेल तर मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज टाकायचा असतो. अर्धा रस्ता एका भूमिकेतून आणि अर्धा दुसरीतून गेला की कोर्टात दोन्ही भूमिका लंगड्या पडतात. वकिली धंद्यात हे रोज दिसतं: भाडेपावती घेऊन वर मालकी सांगणारे अशिलं कमी नाहीत.

सरकारनेही काही वेगळा विचार केला असं दिसत नाही. कलम १४खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. दंडाधिकाऱ्यांनी महिनाभराची साधी कैद आणि किरकोळ दंड दिला. शिक्षा इतकी हलकी की तिच्यातून न्यायालयाची अवघड मनःस्थिती वाचायचा मोह होतो, पण निकालपत्रात तसं काही नाही. सत्र न्यायाधीशांनी अपील फेटाळलं, ज्युडिशियल कमिशनरांनी फेटाळलं, प्रकरण दिल्लीला गेलं.

जिनिव्हा का?

वाचणाऱ्याला प्रश्न पडतो की बचावाने थेट भारतीय घटनेवर भर का दिला नाही. उत्तर साधं आहे. भारतात कुठेही राहण्याचं स्वातंत्र्य कलम १९ देतं, पण फक्त नागरिकांना. कलम २१ सर्वांना आहे, पण १९७८च्या मनेका गांधी निकालाआधी त्याचा अर्थ फार अरुंद लावला जायचा. आणि परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५५मध्ये हान्स मुल्लर प्रकरणात सांगून टाकलं होतं. घटनेच्या दारावर कुलूप होतं.

म्हणून बचाव गेला १९४९च्या चौथ्या जिनिव्हा कराराकडे. युद्धकाळात नागरिकांचं संरक्षण करणारा हा करार भारताने १९६०च्या कायद्याने देशात आणला होता. त्याचा अनुच्छेद ४९ व्याप्त प्रदेशातून, म्हणजे शत्रूच्या सैन्याने ताब्यात घेतलेल्या प्रदेशातून, लोकांना जबरीने बाहेर काढायला मनाई करतो. आणि अनुच्छेद ४७ म्हणतो की प्रदेश खालसा करून घेतला म्हणूनही हे संरक्षण काढून घेता येत नाही. बचावाचं म्हणणं थोडक्यात असं: गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, मी संरक्षित व्यक्ती आहे, मला घालवता येणार नाही.

युक्तिवाद कल्पक होता, धाडसीही. पण त्याची किंमत काय होती ते पाहा. हा मुद्दा मान्य करायचा म्हणजे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये लिहून द्यायचं की गोवा हा भारताने बळकावलेला प्रदेश आहे, आणि बारावी घटनादुरुस्ती त्यापुढे फिकी आहे. एका पाद्रींच्या रहिवासाचा साधा प्रश्न अशा उंचीवर नेला की न्यायाधीशाला सहानुभूती असली तरी ती दाखवायला जागा उरत नाही.

निकाल

२६ मार्च १९६९ला सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालाने अपील फेटाळलं.

पहिला मुद्दा तांत्रिक. जिनिव्हा कराराचा भारतीय कायदा गंभीर उल्लंघनांना शिक्षा देतो, पण एखाद्या व्यक्तीला त्याच्या आधारे कोर्टात येऊन दाद मागायचा हक्क देत नाही. इथेच थांबता आलं असतं. न्यायालय थांबलं नाही. करार लागू आहे असं धरून चाललो तरी काय निघतं, हे त्याने तपासलं, आणि निकालाचा खरा भार इथे आहे.

लष्करी व्याप्ती आणि विलीनीकरण यांत न्यायालयाने रेघ ओढली. व्याप्ती तात्पुरती असते. लढाई चालू आहे, शत्रूचं राज्य अजून उभं आहे, आणि प्रदेश तेवढा आपल्या ताब्यात आहे, अशी ती अवस्था. लढाई संपण्याआधीच ताब्यातला मुलूख आपला म्हणून जाहीर केला तर ते घाईचं विलीनीकरण, आणि अनुच्छेद ४७ त्याच्याविरुद्ध आहे. गोव्यात तसं नव्हतं. लढाई काही तासांची, शरणागती पूर्ण, नंतर प्रतिकार नाही. तेव्हा २० डिसेंबर १९६१ला व्याप्ती संपली आणि खरं विलीनीकरण झालं. संरक्षण व्याप्तीबरोबर संपलं. जो माणूस स्वतःच्या लेखी निवेदनाने पोर्तुगीज राहिला तो परदेशी आहे आणि परदेशी नागरिकांचा कायदा त्याला लागतो.

तर्काची बांधणी पक्की आहे. तरी एक गोष्ट टोचते. २० डिसेंबर ही तारीख बारावी घटनादुरुस्तीने मार्च १९६२मध्ये, मागे जाऊन लावलेली. त्या मधल्या तीन महिन्यांत लष्करी गव्हर्नरचा हुकूम चालत होता. त्या काळाला काय म्हणायचं, हा प्रश्न विलीनीकरणाच्या तारखेखाली झाकला गेला. फादरांच्या बाबतीत त्याने फरक पडला नसता, कारण हुकूम १९६४नंतरचा. दुसऱ्या एखाद्या प्रकरणात पडला असता.

वेगळं काय करता आलं असतं

मुदतीबद्दल वर लिहिलं. सहा महिने दिले असते तर फादरांनी वेगळं ठरवलं असतं असं मी म्हणत नाही. त्यांनी मुदतीच्या टोकाला निवेदन दिलं, त्यावरून विचार करूनच दिलं असावं. पण कायदा करणाऱ्याने मुदत निश्चयी माणसासाठी ठरवायची नसते, घुटमळणाऱ्यासाठी ठरवायची असते.

खरी उणीव दुसरीकडे होती. नागरिकत्वाच्या आदेशाने माणसांचे दोन वर्ग केले, भारतीय आणि परदेशी, आणि दुसऱ्या वर्गाला १९४६च्या कायद्याकडे सोपवलं. तो कायदा बंदरावर उतरणाऱ्या माणसासाठी लिहिलेला होता: कधी आलात, कशासाठी, कधी जाणार. आदेशातच आणखी एक परंतुक घालून निवेदन देणाऱ्यांना, त्यांच्या हयातीपुरता तरी, गोव्यात राहायचा हक्क देता आला असता. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, पण घर आहे. अशा लोकांची संख्या मोठी असायचं काही कारण नव्हतं. गंमत म्हणजे हीच समज प्रशासन अधिनियम लिहिणाऱ्यांनी कलम ५मध्ये मालमत्तेबाबत दाखवली होती. जुन्या राज्याखाली जे जुळलं आहे ते एकदम उपटायचं नाही, हे तत्त्व घराला लावलं आणि घरातल्या माणसाला लावायचं राहिलं.

दुसरा निर्णयबिंदू नोव्हेंबर १९६४चा. परवाना संपल्यावर सरकारकडे हुकूम काढणं एवढाच मार्ग नव्हता. मुदत स्वतःहून वाढवता आली असती, किंवा नुसतं दुर्लक्ष करता आलं असतं. नोकरशाहीला दुर्लक्ष करायची कला चांगली येते, पण ती नेमकी इथे वापरली गेली नाही. हुकूम मोडल्यावर हाताला धरून सीमेबाहेर न काढता खटला भरला, हे मात्र सरकारच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. त्यामुळेच माणसाला चार पायऱ्यांवर म्हणणं मांडता आलं.

बचावाच्या बाजूने पाहिलं तर मुदत संपायच्या आत एक साधा अर्ज हवा होता, ‘भूमिका राखून’ असा शेरा मारून. तो नाकारला गेला असता तर नकाराची कारणं मागता आली असती आणि कोर्टापुढचा प्रश्न लहान झाला असता: जन्मापासून इथे राहणाऱ्याला परवाना नाकारण्यात मनमानी आहे का? घटनेचं कलम १४, म्हणजे कायद्यापुढे समानतेचं, परदेशी माणसालाही आहे. हान्स मुल्लरमुळे तोही मार्ग अरुंदच होता, जिंकण्याची हमी नव्हती. १९९१मध्ये लुई द रेड या, १९३७पासून भारतात राहणाऱ्या मिशनऱ्याच्या प्रकरणातही न्यायालयाने सरकारचा अधिकार अनिर्बंधच मानला. पण लहान प्रश्नावर हरणं आणि गोव्याच्या सार्वभौमत्वावर हरणं यांत फरक आहे. दुसऱ्या हरण्याने सरकारला तडजोडीला जागा ठेवली नाही.

नंतर

लिस्बनमध्ये एप्रिल १९७४मध्ये राजवट उलथली आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला झालेल्या कराराने पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. ज्युडिशियल कमिशनरचं न्यायालय १९८२मध्ये गेलं आणि कलम ७ने वीस वर्षांपूर्वी करून ठेवलेली सोय वेगळ्या कायद्याने प्रत्यक्षात येऊन मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ पणजीत बसलं.

पोर्तुगालचा कायदा आजही मुक्तीआधी जन्मलेल्या गोंयकारांची आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांची दखल घेतो. हजारो लोकांनी लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे आणि बरेच जण त्यावर युरोपात गेले. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५च्या कायद्याच्या कलम ९खाली भारतीय नागरिकत्व जातं. नुसती जन्मनोंद म्हणजे नागरिकत्व घेणं का, यावर गोव्यात निवडून आलेल्या लोकप्रतिनिधींवरही तक्रारी झाल्या आहेत. मात्र या लोकांना १९६२च्या निवेदनकर्त्यांकडे नव्हतं असं एक कार्ड मिळू शकतं. नागरिकत्व कायद्यात २००३ आणि २००५मध्ये झालेल्या दुरुस्त्यांनी परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय, हा वर्ग तयार केला: आजीवन व्हिसा, परदेशी म्हणून पोलिसांकडे नोंदणी नाही, मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने आलेलं घर ठेवता येतं आणि त्यात राहता येतं.